तळ्यातली पानं आणि महिपतीचा पहारा

एका गावात एक तळं होतं, आणि त्या तळ्याचा धनी होता महिपती. तळं शांत होतं. महिपती नव्हता.

तसा माणूस वाईट नव्हता बरं का. देवाला भिऊन होता. एकादशी करायचा, दारी आलेल्याला पाणी विचारायचा. पण त्याच्या मनाला एक खोड होती. कोणी चांगलं वागलं की याला शंका यायची. शेजाऱ्यानं उसाचं कांडं दिलं, तर हा आधी बघायचा, बुडख्याकडचं दिलं की शेंड्याकडचं. कोणी हसून राम राम घातला, की घरी येऊन बायकोला सांगायचा, "आज तो हसला. काहीतरी मागायचं असणार."

बायकोचं नाव हौसा. ती म्हणायची, "अहो, माणूस हसतो कधीकधी. तुम्हीही हसून बघा."

"मी हसलो तर लोक म्हणतील, याला काय हवंय?"

ही खोड त्याला लागली तालुक्याच्या गावी. तिथं बारा वर्षं तो एका कापडाच्या दुकानात होता. गिऱ्हाईक ठाण उलगडून बघायचं, आणि महिपती गिऱ्हाइकाचे हात बघायचा. बारा वर्षं दुसऱ्याचे हात बघितले, की आपले डोळे तसेच होतात. हौसा मात्र गावीच होती, सासऱ्यांजवळ. मग गेल्या भाद्रपदात महिपतीचे वडील, ज्यांना सगळे बापू म्हणत, ते देवाघरी गेले. महिपती दुकान सोडून गावी आला आणि शेत बघू लागला.

शेतात ते तळं. बापूंच्या वडिलांनी खणलेलं, एका बाजूला दगडी पायऱ्या. काठावर दोन पिंपळ आणि तीन करंज. फाल्गुन लागला की गावातल्या विहिरी तळ गाठायच्या. तळ्याचं पाणी मात्र पावसापर्यंत पुरायचं. महिपतीचे दोन बैल आणि ढवळी गाय त्या पाण्यावर उन्हाळा काढायची. ढवळी गाभण होती, चैत्रात व्यायची होती. तळं आटलं किंवा नासलं, तर जनावरं परगावी पाव्हण्यांच्या दारात नेऊन बांधायची पाळी. आणि गाभण गाय परक्या दारात बांधणं म्हणजे काय, ते ज्याची गाय त्यालाच माहीत.

माघ आला. झाडं अंगावरचं जुनं उतरवू लागली. वारा सुटला की पिंपळाची पानं भिरभिरत यायची आणि तळ्यावर उतरायची. पण एक नवल होतं. दिवसभर एवढी पानं पडायची, आणि महिपती न्याहारी करून शेतात यावा तो तळं स्वच्छ! जणू कोणी पुसून ठेवलं.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बरं झालं. महिपती म्हणाला, "पानं जातात कुठं?"

दुसऱ्या दिवशी तो, जन्मात कधी नव्हे ते, उगवतीलाच शेतात गेला आणि कडब्याच्या गंजीमागं बसून राहिला.

उजाडलं तशी बांधावरून द्वारकाकाकू आल्या. काकूंचं शेत महिपतीच्या बांधाला लागून. दोन एकर जमीन, त्यात वांगी आणि थोडी मिरची. यजमान जाऊन वीस वर्षं झालेली, एकच लेक शेवंता, ती सासरी. काकूंच्या कमरेला टोपली आणि खांद्यावर झेला, झाडावरचे आंबे उतरवायला बांबूला जाळी बांधलेला असतो ना, तोच. त्या पायऱ्या उतरल्या. पाण्याला हात लावून तो डोळ्यांना लावला. मग झेला पाण्यावरून हळूच फिरवत एकेक पान गोळा करू लागल्या. पाण्यात खळखळ नाही, तोंडातून शब्द नाही.

टोपली भरली. पानं अजून बाकी होती, तोच महिपती गंजीमागून बाहेर आला. "काय काकू? एवढ्या सकाळी? इकडं कुठं?"

काकू दचकल्या. मग हसल्या. ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले, टोपली उचलली आणि आल्या वाटेनं गेल्या.

महिपती तिथंच उभा. 'हसली! आणि उत्तर दिलं नाही.'

घरी आल्या आल्या त्यानं हौसाला विचारलं, "ही द्वारकाकाकू आपल्या तळ्यावर कधीपासून येते?"

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. पानगळीच्या दिवसांत येतात सकाळच्या. मामंजी असायचे तिथं."

"आणि कोणी विचारलं नाही?"

"मी धारा काढत असते त्या वेळेला. त्यांचा काही नेम असेल हो. वसा असेल."

"नेम असता तर सांगितला नसता?"

"नेम कोणी सांगतं का? सांगितला की त्याचं पुण्य जातं म्हणतात."

"बघ," महिपती म्हणाला, "म्हणजे लपवतेच आहे."

हौसानं कपाळाला हात लावला. "मग दुपारी जा की त्यांच्या घरी. बसा, चहा घ्या, सरळ विचारा."

"दुपारपर्यंत उत्तर तयार करून ठेवलं असेल!"

झालं. सकाळी विचारावं तर ती बोलत नाही, म्हणून चोर. दुपारी विचारावं तर बोलेल, म्हणून खोटारडी. संशयाच्या घराला दारं दोन असतात, पण दोन्ही आतच उघडतात.

पुढचे पाच दिवस महिपती रोज गंजीमागं. चौथ्या दिवशी तो काकूंच्या मागं मागं, वाकून, बांधाच्या आडोशानं गेला. काकूंनी आपल्या शेताच्या कोपऱ्यात एक खड्डा केला होता. त्यात टोपली रिकामी केली आणि वरून दोन घमेली माती ओढली.

महिपतीनं मनाशी म्हटलं, पुरते! माझ्या तळ्यातून काहीतरी काढून ही पानांखाली दडवून नेते आणि पुरते!

संध्याकाळी तो मारुतीच्या पारावर गेला. गोष्ट सांगितली. पारावर बसलेल्यांना काय, सुपारी कातरायला विषयच हवा असतो.

"पानं नेते? नुसती पानं?" एकानं विचारलं. "आरं, फुकट कोणी काडी उचलत नाही."

"मला तर दुसराच वास येतो," दुसरा म्हणाला. "रोज तुझ्या बांधावरून येणं, रोज तुझ्या पायऱ्या उतरणं. वहिवाट लावतीय रं ती! आज वाट तिची, उद्या घाट तिचा, परवा तळ्यात वाटा मागंल."

"महिपती, घे मग उद्यापासून तिच्याकडनंच पाणी मागून," तिसरा म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

त्यांची चेष्टा झाली, महिपतीची झोप उडाली.

सहाव्या दिवशी त्यानं बाभळीची काटेरी शिरी तोडून आणली. तळ्याभोवती चांगलं छातीएवढं कुंपण घातलं. एक फाटक केलं, फाटकाला कुलूप, आणि किल्ली करदोट्याला. जनावरांना पाणी पाजायचं तेव्हा तो स्वतः फाटक उघडायचा आणि स्वतः लावायचा.

दुसऱ्या दिवशी उगवतीला काकू आल्या. कुंपण बघितलं. कुलूप बघितलं. फाटकाशी महिपती काठी घेऊन उभा.

"बोला काकू. काय हवंय तळ्यातलं? बोललात तर उघडतो."

काकूंनी तळ्याकडे बोट दाखवलं. मग पानांकडे. मग आपल्या ओठांकडे. मग मान हलवली.

"खुणा नकोत. तोंड दिलंय देवानं."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी काट्यांच्या फटीतून तळ्याला हात जोडले आणि परत फिरल्या. महिपतीनं मनात म्हटलं, 'बघा, रडली. पकडली गेली म्हणून रडली.'

आता ऐका, काकूंचा नेम काय होता ते. तो सासूबाईंनी त्यांना दिला होता. माघी पौर्णिमेपासून पाडव्यापर्यंत रोज उगवतीला तळ्यातली पानं काढायची, पाणी निर्मळ करायचं, आणि पाणी निर्मळ होईस्तोवर कोणाशी चकार शब्द बोलायचा नाही. पाणी आणि मुख, दोन्ही रोज एकदम उघडायची. पिंपळाचं पान पायदळी येऊ नये म्हणून ते मातीत ठेवायचं. एवढाच नेम. बापूंना तो ठाऊक होता, पण नेम सांगायचा नसतो म्हणून तेही कोणाला बोलले नव्हते.

म्हणजे झालं काय? तळं निर्मळ झाल्याशिवाय बोलायचं नाही, आणि तळ्याला कुलूप. काकूंचं तोंड बंद झालं ते बंदच झालं. सकाळीही बंद, दुपारीही, संध्याकाळीही.

हौसा दुपारी ताकाचा तांब्या घेऊन त्यांच्याकडे गेली. "काकू, यांना काहीतरी सांगा हो. एक शब्द." काकूंनी ताक घेतलं, हौसाच्या गालावरून हात फिरवला, आणि गप्प.

गावात कुजबुज सुरू झाली. आधी बोलणारी बाई गप्प का? मनात पाप असल्याशिवाय? पाणवठ्यावर बायका सरकून बसू लागल्या. काकू दळणाला गेल्या की दळणवाली त्यांच्या आधी दुसरीचं घ्यायची. ज्या बाईनं जन्मभर कोणाच्या वाटेत काटा टाकला नाही, तिच्याकडे लोक काटा बघावा तसे बघू लागले.

त्याच दिवसांत शेवंता माहेरी आली. दोनच दिवस. सासूला विचारून, कामं उरकून, कशीबशी आलेली. दारात "आई" म्हणाली, आणि आई बोललीच नाही. पुरणपोळी केली, वेणी घातली, रात्री पांघरूण घातलं, पण शब्द नाही. गावातल्या बायकांनी शेवंताच्या कानात काय काय घातलं ते देव जाणे. तिसऱ्या दिवशी ती पिशवी उचलून निघाली. "माझं काही चुकलं असेल तर सांगितलं असतंस तरी," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत एसटीत बसली. काकू गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभ्या होत्या. ओठ दाबून. नेम मोडला असता त्या क्षणी तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण सासूचा शब्द होता.

आणि तळ्याचं काय?

पानं काही कुंपण मानत नाहीत. ती वरून येतात. पहिले दोन-तीन दिवस तळं बरं दिसलं. मग पानांचा थर साचला. वरची पानं तरंगायची, खालची भिजून तळाला जायची. पाचव्या दिवशी पाणी चहासारखं झालं. दहाव्या दिवशी त्याला वास येऊ लागला. महिपती रोज फाटक उघडायचा, कुलूप शाबूत आहे ना बघायचा, कुंपणाला कुठं भोक नाही ना बघायचा. पाण्याकडे मात्र बघायचा नाही. चोरावर नजर ठेवणाऱ्याला घराकडे बघायला सवड कुठून?

पंधराव्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. सतराव्या दिवशी पांढऱ्या पोटांनी तरंगले. अठराव्या दिवशी ढवळी पायरीपर्यंत आली, पाण्याला नाक लावलं, फुर्र केलं आणि मागं फिरली. महिपतीनं दावं ओढलं. तिनं चारी पाय रोवले. बैलांनीही तेच केलं. संध्याकाळी पुन्हा आणलं, तरी तेच. हौसानं घरातला पिण्याच्या पाण्याचा हंडा ढवळीपुढं रिता केला. पण एक हंडा तीन जनावरांना किती पुरणार?

एकोणिसाव्या दिवशी सकाळी महिपतीनं तळ्यातून कळशी भरली. पाणी काळं. त्याचं तोंड रागानं लाल. तडक काकूंच्या अंगणात गेला. मागं पारावरचे दोघे, चार बाया आणि पाठीमागं पदर सावरत हौसा.

"काकू! बाहेर या! विष घातलंत ना तळ्यात? येऊ दिलं नाही म्हणून सूड घेतलात? माझी गाभण गाय कालपासून तहानलेली आहे. विष नसेल तर सांगा, नाही म्हणून सांगा एकदा!"

काकू तुळशीला पाणी घालत होत्या. त्या आल्या. कळशीत वाकून बघितलं. वास घेतला. त्यांचा चेहरा कसनुसा झाला, आजारी लेकराचं अंग तापलेलं लागावं तसा. त्यांनी कळशीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून एक पान काढलं. पान कुठलं, पानाची नुसती जाळी राहिलेली, बाकीचं कुजून लिबलिबीत झालेलं. ते त्यांनी महिपतीच्या तळहातावर ठेवलं. त्याची मूठ मिटवली. मग वळल्या, कोपऱ्यातला झेला खांद्यावर टाकला, टोपली घेतली आणि तळ्याकडे चालू लागल्या.

सगळे मागोमाग. फाटकाशी येऊन काकू थांबल्या. कुलूप तसंच. किल्ली महिपतीच्या कमरेला.

"उघडू नकोस रं," पारावरचा एक म्हणाला. "आत जाऊन काय करंल कोणास ठाऊक."

महिपती किल्ली चाचपत उभा. त्याला काय वाटलं असेल? आज उघडलं तर एकोणीस दिवसांचा पहारा फुकट. नाही उघडलं तर…

हौसा पुढं झाली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "काकूंवर विश्वास ठेवू नका. ढवळीवर ठेवा. तिला काही मागायचं नाही तुमच्याकडनं. पाणी तेवढं हवंय."

महिपतीनं कुलूप उघडलं. "पण मी नजर हलवणार नाही," तो म्हणाला. "क्षणभरही नाही."

काकू पायऱ्या उतरल्या. पाणी कमरेएवढं होतं. आज झेल्यानं भागणार नव्हतं. त्यांनी पदर खोचला, पाण्यात शिरल्या आणि दोन्ही हातांनी तळातला कुजका पाला उपसू लागल्या. टोपली भरली की पायरीवर ठेवायच्या. हौसानं घमेलं आणलं आणि ती टोपल्या काठावर रित्या करू लागली.

महिपती टोपलीत बघायचा. पानं. दुसरी टोपली. पानं. त्याला वाटलं, खरी चीज तळाला असणार, ती शेवटी काढणार. हिच्या आधी आपणच शोधावी. त्यानं धोतर वर खोचलं आणि धपकन पाण्यात उतरला.

मग काय विचारता! काकू एका बाजूनं पाला काढतायत आणि महिपती दुसऱ्या बाजूनं तळ चाचपतोय. मूठ भरून गाळ काढायचा, बोटांनी चाळायचा, काठावर फेकायचा. पुन्हा मूठ. पारावरच्या दोघांना आधी हसू आलं. मग महिपती ओरडला, "दात काय काढताय, टोपली धरा!" तशी त्यांनी टोपल्या धरल्या. बघता बघता दुपार झाली. काठावर पाल्याचा छातीएवढा ढीग लागला. महिपतीनं तळाचा कोपरा न् कोपरा चाचपला. ना हंडा, ना नाणं, ना मूर्ती, ना विषाची पुडी. पानांखाली पानं. त्यांच्याखाली आणखी पानं.

दिवस कलला तेव्हा तळाचा दगड हाताला लागला. वरचं घाण पाणी उपसून शेतात सोडून दिलं. उरलेलं गढूळ होतं, पण त्यात पान नव्हतं. त्याचा वासही मोडला होता.

काकू पायरीवर बसल्या. हात धुतले, तोंड धुतलं. पाण्याला हात लावून तो डोळ्यांना लावला. पिंपळाकडे बघून हात जोडले. मग महिपतीकडे वळल्या. तो नखशिखांत काळा झालेला, गाळात उभा. आणि एकोणीस दिवसांनी काकूंच्या तोंडून पहिले शब्द आले.

"सापडलं का रे?"

महिपती गडबडला. "काय?"

"जे शोधत होतास ते."

"नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "नुसती पानंच आहेत."

"मीही तीस वर्षं तेवढंच काढतेय बाबा," काकू म्हणाल्या. "म्हटलं तुला आणखी काही मिळालं तर बघू."

हौसा पदरात तोंड लपवून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग पुण्य जातं तर जाऊ दे म्हणून काकूंनी नेम सांगितला. महिपती खाली मान घालून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे मी तुमचा नेम मोडला."

"मोडला कुठं? तळं निर्मळ होईस्तोवर बोलायचं नाही एवढाच नेम. रोज घटकाभर लागायचा, या खेपेला एकोणीस दिवस लागले. लांबला, एवढंच."

"पण ती पानं पुरत होतात ती कशाला?" संशय असा, जाता जाताही उंबऱ्यावर थबकतो बघा. "त्यात तुमचा काहीच फायदा नव्हता?"

"होता की! मी काय देवता आहे?" काकू म्हणाल्या. "मातीत घातलेल्या पानांचं वर्षात सोन्यासारखं खत होतं. माझी वांगी त्यावरच येतात. नेमाचा नेम आणि खताचं खत. बापूंना ठाऊक होतं. ते म्हणायचे, द्वारका, तुला खत मिळतं आणि मला पाणी मिळतं, यात लुबाडला कोण गेला? लुबाडलंच असेल तर पिंपळाला."

महिपती पायरीवर येऊन बसला. एवढे दिवस तो म्हणत होता, काकूंचा यात काही फायदा आहे. ते खरंच होतं. खोटं होतं ते पुढचं. तिचा फायदा म्हणजे माझा तोटा, हे.

पाणी निवळायला आठ दिवस लागले. तोवर महिपतीनं जनावरं दोन कोसांवरच्या नदीला हाकत नेली आणि हाकत आणली. कुंपणाची काटेरी शिरी त्यानं स्वतःच्या हातानं उपसून होळीत घातली. सोडून दिलेलं पाणी काही परत येत नाही. वैशाखात पुन्हा पंधरा दिवस त्याला नदीची वाट तुडवावी लागली. तुडवली. ढवळी चैत्रात सुखरूप व्याली, ती मात्र घरच्या गोठ्यातच. देवाची कृपा म्हणायची.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी एक काम राहिलं होतं.

तळं साफ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी महिपतीनं गाडी जुंपली.

"कुठं?" हौसानं विचारलं.

"शेवंताकडे."

"पारावरच्या कोणाला तरी पाठवा. नाहीतर चिठ्ठी द्या."

"नको," महिपती म्हणाला. "हे मलाच सांगायला हवं."

शेवंता दारात आली. महिपतीला बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुम्ही? आईनं पाठवलं?"

"नाही. तिला ठाऊकही नाही."

"मग कशाला आलात? आई बोलली नाही माझ्याशी. दोन दिवस होते मी, एक शब्द बोलली नाही. आणि गावातले लोक काय काय…"

आता बघा, महिपतीला कितीतरी सांगता आलं असतं. काकूंचा नेम होता म्हणता आलं असतं. गैरसमज झाला म्हणता आलं असतं. लोकांच्या माथी मारता आलं असतं. त्याच्या तोंडाशी ते सगळं आलंही असेल. पण त्यानं पागोटं काढून हातात घेतलं.

"तुझी आई गप्प होती, कारण मी तळ्याला कुलूप लावलं होतं," तो म्हणाला. "तिनं काही केलं नव्हतं. मी विनाकारण तिच्यावर आळ घेतला. गावात जे ऐकलंस ते माझ्या तोंडून निघालेलं. चल, गाडी आणली आहे. सासूबाईंना मी विचारतो."

शेवंतानं त्याच्या हातातलं पागोटं बघितलं. तिलाही क्षणभर वाटलं असेल, हा का आला, याला काय हवंय? पण पागोटं हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काही हवं असतं तेव्हा ते एकच असतं, क्षमा. तिनं ते ओळखलं. महिपतीनं सासूबाईंना विचारलं, आणि ती आत जाऊन लुगडं बदलून आली.

ऊन उतरता गाडी काकूंच्या अंगणात शिरली. काकू ओसरीवर मिरच्या निवडत होत्या. सूप खाली ठेवायचंही भान राहिलं नाही त्यांना. उठल्या, मिरच्या अंगणभर झाल्या. शेवंता उतरली आणि उभी राहिली, पुढं पाऊल टाकेना. आई बोलते की नाही, एवढंच बघत होती.

"अगं," काकू म्हणाल्या, "किती वाळलीस गं! जेवतेस की नाही?"

महिपतीनं बैल वळवले आणि गाडी हळूच बाहेर काढली.

महिपतीचं तळं जसं निवळलं, शेवंताला जशी आईची हाक मिळाली, तशी ज्याच्या त्याच्या मनातला गढूळपणा निवळो आणि ज्याची त्याला हाक मिळो.

तात्पर्य: दुसऱ्याच्या भल्यात आपलं नुकसान शोधणारा शेवटी स्वतःचंच पाणी नासवतो, म्हणून संशय आला तर कुलूप लावण्याआधी शांतपणे विचारावं, उत्तर येईपर्यंत धीर धरावा, आणि चुकलंच तर ज्याचं मन दुखावलं त्याच्या दारी स्वतः जाऊन सांगावं.